विधीच्या हातचं पारणं

चेलना : थांबा, ती पिशवी आत आणू नका.

सुरेशचंद : अगं, पारण्याचं आहे त्यात. मूगपाणी, उकाळी, चांदीची वाटी-चमचा...

चेलना : म्हणूनच. बेबाबाई, ही पिशवी खाली यांच्या ड्रायव्हरकडे, तोतारामकडे देऊन या. गाडीत ठेव म्हणावं, आणि काचा बंद कर.

बेबाबाई : देस ना ताई. मूगना वास भलता शे. पोर जागी व्हई गई तर दार फोडी टाकी.

सुरेशचंद : कोण, विधी? एवढीशी पोर?

चेलना : पाच वर्षांची आहे, पप्पाजी. एवढीशी होती तेव्हा तुम्ही पाहिली होती. बसा. आठ दिवसांचे उपाशी आहात, पडलात तर खापर माझ्यावर फुटायचं.

सुरेशचंद : उपाशी म्हणू नये, बेटा. अठाई झाली माझी. तपश्चर्या म्हणावं.

चेलना : बरं. तपश्चर्या घेऊन बसा.

सुरेशचंद : सुखशाता आहे ना सगळी?

चेलना : आहे.

सुरेशचंद : काल संवत्सरी. खमतखामणा करायला, क्षमा मागायला तुला फोन लावला, तू उचलला नाहीस.

चेलना : मेसेज पोचला ना. गुलाबाचं फूल, खाली जोडलेले हात. सगळ्या गावाला पाठवलात तोच मलाही आला. 'कळत-नकळत मन दुखावलं असेल तर' म्हणे.

सुरेशचंद : म्हणून तर स्वतः आलो. जळगावहून धुळ्यापर्यंत, पोटात आठ दिवस पाण्याशिवाय काही नाही. मिच्छामि दुक्कडं, बेटा. हे बघ, हात जोडतो.

चेलना : हात खाली घ्या. खरं कशासाठी आलात ते सांगा. आज तर तुमचं पारणं. मेहरूणला हॉल घेतलाय, तुमचा लेक अनुज सांगत होता. तीनशे पानं.

सुरेशचंद : साडेतीनशे. सगळे खोळंबलेत. तुझ्या सासूबाई एकट्या सांभाळतायत. मी काल प्रतिक्रमणानंतर अभिग्रह घेतला.

चेलना : कसला?

सुरेशचंद : विधीच्या हातून एक घास मिळेल, तेव्हाच तोंड उघडीन. नाही मिळाला तर उपवास पुढे चालू. नववा, दहावा, काय होईल ते होईल.

चेलना : अभिग्रह मनात धरायचा असतो ना? मी पण जैन स्थानकात वाढलेय, पप्पाजी. साधू घेतात आणि कुणाला सांगत नाहीत. तुम्ही कुणाकुणाला सांगितलात?

सुरेशचंद : महाराजसाहेबांना. आणि घरच्यांना.

चेलना : आणि?

सुरेशचंद : समाजात, संघात कळलं कसंतरी.

चेलना : कसंतरी! माझ्या मावशीचा पाचोऱ्याहून सकाळी सातला फोन आला. 'चेलना, सासरा दारात येतोय, म्हाताऱ्याला उपाशी परत पाठवू नकोस.' म्हणजे गावभर डांगोरा पिटून मग इथे आलात. मी नाही म्हटलं तर मीच पापीण.

सुरेशचंद : मी तसं मनात आणलं नाही.

चेलना : आणलंत. तुम्ही दुकानात माल बघायच्या आधी गिऱ्हाईकाचं तोंड बघता. न ठरवता पाऊल टाकलंय कधी?

बेबाबाई : दिनी पिशवी. तोताराम म्हने, मी खाई टाकू का? मी म्हनं, खाय रे बाबा, वास तरी जाई.

सुरेशचंद : अगं बाई! पारण्याचं होतं ते!

चेलना : राहू द्या. विधीच्या हातचं हवंय ना? मग चांदीच्या वाटीचं काय काम?

सुरेशचंद : ते पण खरंय. तिच्या ताटातलं काहीही चालेल. एक दाणा पुरे. तिचा हात पवित्र आहे, मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय.

चेलना : म्हणालात. सगळं आठवतंय मला. विधी जन्मली तेव्हा रडायची नाही. दूध ओढायची नाही. उचलली की ओल्या फडक्यासारखी हातावरून लोंबायची. आणि तुम्ही स्थानकात उभं राहून सांगितलंत, आमच्या घरी पूर्वजन्मीचा तपस्वी जीव आलाय, दूधसुद्धा मागत नाही.

सुरेशचंद : मला तसंच वाटलं होतं, चेलना. देवाशपथ. शंभर लेकरं पाहिली, अशी शांत एक नाही.

चेलना : तिथपर्यंत मी तुम्हाला माफ केलं असतं. मलाही चार दिवस तसंच वाटलं. आई होते, वेडी होते. बायका दर्शनाला यायच्या. मला ओल्या बाळंतिणीला उठवून खुर्चीवर बसवायचात. तिच्या नाकात दुधाची नळी होती, आठवतं? फोटोत बरी दिसत नाही म्हणून तुम्ही नर्सकडून ती काढवलीत.

सुरेशचंद : पाच मिनिटांसाठी.

चेलना : पाच मिनिटांसाठी. तो फोटो अजून आहे पेढीवर? गादीच्या वर?

सुरेशचंद : आहे.

चेलना : मग पुण्याच्या डॉक्टरांनी रक्त घेतलं. फॉर्मवर पत्ता पेढीचा, नंबर तुमचा. ती सहा महिन्यांची असताना रिपोर्ट आला. मी विचारलं, पप्पाजी, काय आलं? तुम्ही काय सांगितलंत?

सुरेशचंद : चेलना, हे क्षमेचे दिवस आहेत.

चेलना : काय सांगितलंत?

सुरेशचंद : सगळं नॉर्मल आहे म्हणालो.

चेलना : 'नॉर्मल आहे, पेढे वाट.' आणि मी वाटले, पप्पाजी. जामनेरच्या आत्यांपर्यंत डबे पाठवले. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, प्राडर-विली. पंधराव्या गुणसूत्राचा एक तुकडा जन्मापासूनच नाही. कुणाचा दोष नाही, माझा नाही, तुमच्या खानदानाचा नाही. आधी अंगात बळ नसतं, दूध ओढता येत नाही. मग दोन-तीन वर्षांनी भूक सुरू होते, आणि पोट भरलंय हे मेंदूला कळतच नाही. कधीच नाही. सोबत डॉक्टरांचं पत्र होतं. वाढीचं हार्मोन सुरू करा, पहिल्या वर्षातच करा. मान धरेल, बसेल, चालेल, बोलेल. जितकं लवकर, तितका फायदा जास्त.

सुरेशचंद : रोज सुई म्हणजे... एवढ्याशा जिवाला रोज. आणि हार्मोन म्हणजे कुठल्या जनावराच्या ग्रंथीतून काढतात की काय, मला...

चेलना : विचारलंत कुणाला? जनावराचं काही नसतं त्यात. प्रयोगशाळेत तयार होतं. एका फोनचं काम होतं. पण तुम्हाला विचारायचं नव्हतं. सगळ्या समाजाला तपस्वी नात दाखवून झाली होती. तिला आजार आहे हे आता कोणत्या तोंडाने सांगणार?

सुरेशचंद : मला बोलू दे. त्या वर्षी संघाचं अध्यक्षपद यायचं होतं माझ्याकडे. लोक म्हणत होते, यांच्या घरात पुण्य आहे. मी रोज ठरवायचो, आज सांगतो. आज नाही, पर्युषण झाल्यावर. पर्युषण झालं, दिवाळी झाल्यावर.

चेलना : दोन वर्षं चार महिने!

सुरेशचंद : हो.

चेलना : ती बसली नाही, तुम्ही म्हणालात ध्यान करते. बोलली नाही, म्हणालात मौन आहे. मग भूक आली. एका सकाळी मी पाहिलं, गाईसाठी उंबऱ्यावर ठेवलेली शिळी पोळी ती सरपटत जाऊन मातीसकट खात होती. जवळजवळ तीन वर्षांची पोर, उभी राहू शकत नव्हती, पण पोळीपर्यंत पोचली. तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, बघा, तपस्व्याचं पारणं चाललंय.

बेबाबाई : असं म्हनात, शेटजी? मी तर पहिल्यांदा आयकी ऱ्हायनू.

चेलना : मी त्याच दिवशी तिला घेऊन एकटी पुण्याला गेले. डॉक्टर मला ओरडले. बाई, इतके दिवस कुठे होतात? आम्ही रिपोर्ट पाठवला, पोच आहे. पोचेवर सही कुणाची होती ते त्यांनी मला वाचून दाखवलं. त्या खुर्चीवर बसून मी ठरवलं, या माणसाला मी सोडणार नाही.

सुरेशचंद : आता देतेस ना ती सुई?

चेलना : रोज झोपायच्या आधी. मांडीत, एक दिवस उजव्या, एक दिवस डाव्या. सुरू झाल्यावर पाचव्या महिन्यात ती चालली. मी आनंदाने नाचले नाही, पप्पाजी. मी मोरीत जाऊन रडले. पाचच महिने लागले! ती सहा महिन्यांची असतानाच दिलं असतं तर काय काय झालं असतं? डॉक्टरांना विचारलं, किती गेलं माझ्या पोरीचं? ते म्हणाले, ते कुणालाच सांगता येत नाही. ते कळलं असतं ना, तर निदान तेवढ्याचीच चीड आली असती.

सुरेशचंद : मी चुकलो. दुसरं काय म्हणू? तुझ्या सासूबाई दोन वर्षं माझ्याशी धड बोलत नाहीत. तू घर सोडलंस तेव्हापासून अनुज दर शनिवारी इकडे येतो, परत आला की माझ्याकडे बघत नाही. एवढं एक कर. घास घेऊ दे तिच्या हातचा. अनुजने हॉलमध्ये पडदा लावलाय. इथून व्हिडिओ कॉल केला की सगळ्यांना दिसेल. नात आजोबाला पारणं देतेय. सगळं मिटेल, बेटा.

चेलना : पडदा लावलाय?

सुरेशचंद : मोठा. लग्नात लावतात तसा.

चेलना : आणि विधीने घास दिला, की सगळ्यांना वाटणार आमच्यात सगळं आलबेल आहे.

सुरेशचंद : तसं नाही...

चेलना : करा कॉल. साडेदहाला तिचं खाणं असतं, पाच मिनिटं आहेत. इथे रेंज कधी येते, कधी जाते, गॅलरीत जा आणि अनुजला तयार राहायला सांगा. जा, जा. मी तिला उठवते.

बेबाबाई : ताई. गया तो गॅलरीम्हा. आत्ते माले सांगा, हाई काय चालनं?

चेलना : काही नाही. मखाने मोजून ठेवा. वीस.

बेबाबाई : मोजेल शेतस. पोर कोनले घास देस का? माले दोन वरीस व्हयनात, मना हात वाटीजोडे जाऊ देत नही.

चेलना : नाही देत. तिला जमतच नाही ते. हात पुढे केला की किंचाळते, आडवी पडते.

बेबाबाई : मंग?

चेलना : मग बघू दे की! साडेतीनशे माणसांना मोठ्या पडद्यावर बघू दे त्यांचा तपस्वी जीव. आणि यांचं उघडं तोंड, घासाची वाट बघत. पुढ्यात कॅमेरा, पोटात आठ दिवसांची भूक. यांनीच घेतलाय ना अभिग्रह? मी हाताने नाही तयार केला हा फास. आपल्या पायाने आले. नातीला एवढंही ओळखत नाहीत, की ती घास देऊ शकत नाही. दोन वर्षं मी अशाच दिवसाची वाट बघत होते, बेबाबाई.

बेबाबाई : आनि पोरनं काय?

चेलना : तिला कुठे कळतंय पडदा म्हणजे काय.

बेबाबाई : तिले नही कळत, माले कळस. तो म्हतारा तिले देव करीसन दखाडे, तुम्ही भुकी करीसन दखाडतस. ती किंचाळी, आनि बठ्ठा गाव बशीसन दखी. नाकनी नळी काढनारा नि तुम्ही, काय फरक शे?

चेलना : तोंड सांभाळून बोला.

बेबाबाई : कामवरथून काढी टाका. पोरले मी फोनसमोर आनाव नही.

चेलना : तुम्ही माझ्या बाजूच्या की त्याच्या?

बेबाबाई : मी पोरनी बाजूनी शे.

सुरेशचंद : लागला, लागला फोन! अनुज लाइनवर आहे. सगळे पडद्याकडे तोंड करून बसलेत. उठली का विधी?

चेलना : फोन बंद करा.

सुरेशचंद : अगं, आता तर...

चेलना : बंद करा म्हणते ना! बेबाबाई, त्यांच्या हातातून घ्या तो.

बेबाबाई : द्या, शेटजी. हाई दखा, बंद कया. आत्ते बसा आठे. आवाज करू नका.

सुरेशचंद : काय झालं? आत्ता तर हो म्हणालीस.

चेलना : मी तुमचा तमाशा करणार होते. मधे पोर येते म्हणून वाचलात. ऐका. ती तुम्हाला घास देणार नाही.

सुरेशचंद : का? तू शिकवलंस तसं?

चेलना : तिचा आजारच तो आहे. तुम्ही घेतलाय तो अभिग्रह तिच्या हातून पुरा होणार नाही. आज नाही, दहाव्या दिवशी नाही.

सुरेशचंद : रक्ताचं नातं असतं, चेलना. मी मागेन. प्रेमाने मागेन. देईल ती.

चेलना : मागा. पण हात लांब ठेवून. बेबाबाई, आणा तिला.

बेबाबाई : ये माय, बस. हाई तुनी वाटी. हाई कोन ते वळखस का? दादा शेतस तुना, तुना पप्पाना बाप.

सुरेशचंद : केवढी झाली! केस किती सोनेरी झालेत. विधी बेटा, दादाला ओळखलंस? दादाला एक देतेस? एकच. दादाने आठ दिवस काही खाल्लं नाही.

चेलना : पुढे सरकू नका.

सुरेशचंद : एकच, बेटा. हा शेवटचा तुझा. तो बाजूचा दादाला... बरं, बरं. नको. नाही घेत. नाही घेत हं मी.

(विधी वाटीवर वाकून, दोन्ही हातांनी तिला कवटाळून खाते.)

सुरेशचंद : 'अजून' म्हणतेय ती. दे ना तिला अजून थोडे. डोळ्यांत पाणी आहे तिच्या.

चेलना : वीस म्हणजे वीस. वजन हाताबाहेर गेलं तर श्वास घेता येणार नाही तिला. बेबाबाई, न्या आत, चित्रं काढायला बसवा.

सुरेशचंद : तिचं पोट नाही भरलं?

चेलना : कधीच भरत नाही. तुम्ही आठ दिवस जेवणाची आठवण काढून काढून उपाशी राहिलात ना? आता जेवाल, विसराल. तिला खाताना पण तीच भूक असते.

सुरेशचंद : मला माहीत नव्हतं, असं असतं ते.

चेलना : कागदावर होतं.

सुरेशचंद : दे तो फोन.

चेलना : कशाला?

सुरेशचंद : दे. ...हॅलो, अनुज? चित्र नको, पडदा बंद कर. तुझ्या आईकडे दे, म्हणावं माइकसमोर धर. ...धरला? जय जिनेंद्र. पारणं झालं नाही. ...जरा ऐकून घ्या. माझी नात तपस्वी नव्हती. आजारी होती. ती सहा महिन्यांची असताना तिचा कागद माझ्या हातात आला होता. मी दाबून ठेवला. दोन वर्षं चार महिने. सुनेला खोटं सांगितलं, मुलाला खोटं सांगितलं, तुम्हाला खोटं सांगितलं. ...नाही, मला चक्कर आलेली नाही. एवढंच. तुम्ही सगळे जेवून घ्या.

चेलना : पुरं नाही झालं.

सुरेशचंद : आणखी काय?

चेलना : तुमच्या साडूंचा मुलगा डॉक्टर आहे. कागद तुम्ही त्याच्याकडून वाचून घेतलात. त्याने सांगितलं होतं, काका, एक महिनाही घालवू नका. ते नाही सांगितलंत. आता संध्याकाळपर्यंत सगळे म्हणतील, बिचाऱ्या म्हाताऱ्याला इंग्रजी कागद कळला नसेल.

सुरेशचंद : तुला कुणी सांगितलं?

चेलना : त्यानेच. मी गेले होते त्याच्याकडे. मी सगळीकडे गेले होते, पप्पाजी.

सुरेशचंद : परत लावू?

चेलना : लावा.

सुरेशचंद : ...हॅलो, प्रेमकुंवर? परत धर माइक. रडू नकोस, धर. ...एक राहिलं. मला कळलं नव्हतं असं कुणी म्हणू नका. मला वाचून दाखवलं होतं. औषध आहे, लवकर द्यायला हवं, हेही मला माहीत होतं. माहीत असून गप्प बसलो. ...ठेवतो.

चेलना : हं.

सुरेशचंद : आता तरी माफ करशील?

चेलना : नाही.

सुरेशचंद : सगळं सांगितलं की.

चेलना : मी सांगा म्हणाले. माफ करते म्हणाले नव्हते. आतून काही निघतच नाही, पप्पाजी. निघालं तर कळवीन.

सुरेशचंद : आणि माझा अभिग्रह?

चेलना : तो मोडा.

सुरेशचंद : आठ दिवसांचं केलेलं सगळं पाण्यात जाईल. जन्मात एकही नियम मोडला नाही मी.

चेलना : मग एक मोडून बघा.

बेबाबाई : शेटजी, मी सांगू का? खाली गाडीम्हा जाईसन काहीतरी पोटम्हा टाका. तोतारामनी सोडेल व्हई काही. जीव ऱ्हायना तर बठ्ठं शे.

चेलना : जा. कोण अडवतंय? विधी जागी असताना इथे मधे कुणी खात नाही, मीही नाही. खाली जाऊन खा आणि जळगावला जा.

सुरेशचंद : विधीला आता पुढचं कधी?

चेलना : एक वाजता.

सुरेशचंद : तोपर्यंत ती काय करते?

चेलना : वाट बघते.

सुरेशचंद : मला भूक लागलीय, चेलना. तप वगैरे काही नाही. नुसती भूक लागलीय.

चेलना : ऐकलं.

सुरेशचंद : मी तिच्याजवळ बसू? काही मागणार नाही तिच्याकडे. एक वाजला की तुम्ही द्याल ते खाईन, तिच्याच वेळेला.

चेलना : बसा. पण मिटलं असं समजू नका.

सुरेशचंद : नाही समजत. किती वाजले?

चेलना : अकराला दहा कमी.